शाळेच्या लॅबमधली आयपीची वही बंद करायची आहे (डीएचसीपी सर्व्हरसाठी मदत हवी)

फळाखडू | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. नेटवर्किंग शिकलेली नाही. अंगावर पडलं म्हणून करते, तेव्हा सांभाळून घ्या.

लॅबमध्ये ३८ मशीन, ऑफिसात ५, स्टाफरूममध्ये ३, दोन प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एक डीव्हीआर. सगळ्यांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हाताने दिलेले. आमच्या लॅबचे मामा जूनमध्ये रिटायर झाले. त्यांनी एक दोनशे पानी वही ठेवली होती: कुठलं मशीन, कुठला आयपी, कधी बदलला, का बदलला. १ नंबरचं मशीन १९२.१६८.१.११, ३८ नंबरचं १९२.१६८.१.४८. शिवाय प्रत्येक डब्याच्या डोक्यावर सेलोटेपने चिठ्ठी. पावसाळ्यात अर्ध्या चिठ्ठ्या गळून पडल्या, आणि वहीतल्या शेवटच्या तीन पानांवरचं अक्षर मामांनाच लागेल असं आहे.

आता १२ नवी मशीन देणगीत आली आहेत. त्यात रोज कुठल्या ना कुठल्या मशीनवर "आयपी कॉन्फ्लिक्ट" असा निरोप येतो. १३ नंबरवर तर हमखास. मुलं म्हणतात, बाई, तेरा आकडाच वाईट.

एक जुना पीसी मोकळा आहे, त्यावर उबुंटू २४.०४ टाकलंय. मशीन चालू केलं की त्याला आयपी आपोआप मिळावा, एवढंच हवंय. हे काम डीएचसीपी सर्व्हर करतो म्हणे. कुठून सुरुवात करू?

---

चकलीचा सोऱ्या | शुक्रवार, रात्री ९:५२

इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये डीएचसीपीचं बटण असतं. ते चालू करा. धागा संपला. 😀

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:१५

सोऱ्या, थांब जरा.

फळाखडू ताई, काही करण्याआधी तीन गोष्टी बघून सांगा. राउटरमध्ये डीएचसीपी आत्ता चालू आहे का, आणि असेल तर कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतोय? स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा) साधा आहे की लॉगिन करून सेटिंग करता येणारा? शाळेत वायफाय कोण वापरतं?

---

फळाखडू | शनिवार, दुपारी १:०५

पाहिलं. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. डीएचसीपी चालू आहे! पल्ला १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४. स्विच साधे आहेत, २४ पोर्टचे दोन आणि इकडेतिकडे लहान तीन-चार. वायफाय शिक्षक वापरतात, साधारण पंचवीस फोन.

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी २:३०

तेरा नंबरचा गुन्हेगार सापडला.

राउटरला तुमच्या वहीचा पत्ता नाही. त्याच्या लेखी २ पासून २५४ पर्यंत सगळी जागा त्याच्या मालकीची. सकाळी साडेदहाला एखाद्या सरांचा फोन वायफायला लागतो. लॅब तेव्हा बंद, १९२.१६८.१.२३ वर कोणीच बोलत नाही, म्हणून राउटर तो पत्ता फोनला देऊन टाकतो. अकराला तास सुरू होतो, १३ नंबर उठतो आणि वहीप्रमाणे म्हणतो, २३ माझा. झाली मारामारी. फोनवाल्याला वाटतं वायफाय खराब, मुलांना वाटतं तेरा वाईट. त्या सरांचा फोन रोज तोच पत्ता परत मागत असणार, म्हणून रोज तेच मशीन.

म्हणजे हाताने पत्ते देणं ही चूक नव्हती. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघाले होते, ही चूक.

राउटरवरच भागवता येईल. पण अशा फुकटच्या राउटरांत रिझर्व्हेशनच्या, म्हणजे अमुक मशीनला कायम अमुकच पत्ता या सोयीच्या, जागा मोजक्या असतात. कोणाला काय दिलं याची नोंद धड दिसत नाही. आणि कंपनीचा माणूस येऊन राउटर रीसेट करून गेला की सगळं पाण्यात. तुमच्याकडे पीसी आहे, तर सर्व्हर त्यावरच लावा आणि राउटरमधला डीएचसीपी बंद करा. दोन्ही चालू ठेवायचे नाहीत.

---

जुनं खोड | शनिवार, सायंकाळी ६:१०

बाई, हे सगळं चालतं कसं ते आधी सांगतो. ते कळलं की पुढे बिघाड शोधायला कोणाला विचारावं लागत नाही.

लग्नाच्या मांडवात पंगत बसली आहे असं धरा. नवा पाहुणा दारात उभा राहून ओरडतो, "जागा आहे का कुठे?" त्याला यजमान कोण ते माहीत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच विचारतो. हा डिस्कव्हर. मशीनला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून ते ०.०.०.० म्हणून बोलतं आणि २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे मांडवातल्या झाडून सगळ्यांना. सर्व्हर यूडीपी पोर्ट ६७ वर कान देऊन बसलेला असतो, मशीन ६८ वर. (हा पोर्ट म्हणजे मशीनच्या आतली नंबर दिलेली खिडकी, केबलचं भोक नव्हे.)

वाढप्यांपैकी जो ऐकतो तो म्हणतो, "या, इथे पाट मांडलाय." ही ऑफर. कधी दोघे म्हणतात.

मग पाहुणा पुन्हा मोठ्याने सांगतो, "मी यांच्याकडे बसतो." ही रिक्वेस्ट. ती मोठ्याने का? तर दुसऱ्याने मांडलेला पाट उचलावा म्हणून. शेवटी पहिला म्हणतो, "बसा." हा अ‍ॅक.

पाट कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी मुदत संपली की मशीन आपणहून त्याच सर्व्हरकडे जाऊन मुदत वाढवून मागतं. तो नाही भेटला तर सात अष्टमांश मुदत संपल्यावर पुन्हा सगळ्या मांडवात ओरडतं. तेव्हाही कोणी नाही दिली तर मुदत संपल्यावर पत्ता सोडतं.

आमच्या वेळी बूटपी होतं. १९८५ चा तो नियम. त्यातही मशीन विचारायचं आणि सर्व्हर सांगायचा, पण यादी आधी हाताने भरून ठेवावी लागे. तुमच्या मामांची वहीच, फक्त डिस्कवर. पत्ता मुदतीवर द्यायचा, परत घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, हे डीएचसीपीने १९९३ मध्ये आणलं. आज चालतो तो नियम मार्च १९९७ चा, आरएफसी २१३१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). इतकी वर्षं झाली, पाया तोच.

---

चकलीचा सोऱ्या | शनिवार, सायंकाळी ६:२५

काका, दोन वाढपी एकाच वेळी "या" म्हणाले तर पाहुणा कोणाकडे जातो?

---

जुनं खोड | शनिवार, सायंकाळी ६:४०

बहुतेक वेळा जो आधी म्हणाला त्याच्याकडे. लक्षात ठेव हे, पुढे उपयोगी पडेल.

---

सातासमुद्रापार | शनिवार, रात्री ११:५५ (इथे दुपार आहे)

वाचनखूण साठवली. एक सावधगिरी: गूगलून सापडणारे बहुतेक लेख आणि व्हिडिओ "आयएससी-डीएचसीपी-सर्व्हर बसवा" असं सांगतील. ते सॉफ्टवेअर चांगलंच होतं, पण बनवणाऱ्या इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमनेच २०२२ च्या अखेरीला त्याची देखभाल थांबवली. त्यांचं नवं सॉफ्टवेअर किआ. (गाडी नव्हे. न्यूझीलंडमध्ये त्या नावाचा पोपट आहे.)

मी इथे एका विद्यापीठात किआच सांभाळतो. हजारो मशीन असतील तर उत्तम, डेटाबेसला जोडता येतं, एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहतो. पण सेटिंगची फाइल जेसन नावाच्या काटेकोर मांडणीत. एक स्वल्पविराम चुकला की सर्व्हर उठत नाही. तुमच्या ऐंशी-नव्वद उपकरणांसाठी डीएनएसमास्क नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या. दहा ओळींत काम होतं.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री १२:४०

सातासमुद्रापारशी सहमत. आता कामाचं लिहितो. कमांडी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

आधी कागदावर वाटणी करा. मी १९२.१६८.१ सोडून १९२.१६८.५० घ्यायला सांगेन. बाजारातून आणलेला जवळपास प्रत्येक राउटर ०.१ किंवा १.१ घेऊन जन्माला येतो. तुमचा आकडा वेगळा असला की परका पत्ता बघताक्षणी ओळखू येतो.

राउटर ५०.१, सर्व्हर ५०.२. तीन ते नऊ स्विच वगैरेंना. १० ते २९ प्रिंटर आणि डीव्हीआर. ३० ते ३९ ऑफिस आणि स्टाफरूम. लॅबला ५१ ते १००, म्हणजे मशीन नंबरात ५० मिळवले की पत्ता. तेरा नंबर ६३ वर. ११० ते २३९ मोकळा पल्ला, १३० पत्ते, फोन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. वरचे ठेवा शिल्लक.

सर्व्हरला स्वतःचा पत्ता हातानेच द्यायचा. वाटणाऱ्याने दुसऱ्याकडे मागून कसं चालेल? उबुंटूत ते नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहितात. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. बदल "नेटप्लॅन ट्राय" ने करा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर तो आपोआप जुन्यावर परत जातो.

मग डीएनएसमास्क बसवा. बसवल्या बसवल्या "पोर्ट ५३ वापरात आहे" म्हणून रडेल. घाबरू नका. उबुंटूचा स्वतःचा सिस्टिमडी-रिझॉल्व्ड त्या पोर्टवर आधीच बसलेला असतो. आपल्याला डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सोय) नकोच आहे, म्हणून फाइलच्या सुरुवातीला पोर्ट शून्य लिहायचा. फाइल अशी:

पोर्ट=०
इंटरफेस=(तुमच्या नेटवर्क कार्डाचं नाव, "आयपी ए" ने दिसेल)
डीएचसीपी-ऑथॉरिटेटिव्ह
डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.५०.११०,१९२.१६८.५०.२३९,२५५.२५५.२५५.०,८एच
डीएचसीपी-ऑप्शन=३,१९२.१६८.५०.१
डीएचसीपी-ऑप्शन=६,१.१.१.१,८.८.८.८

ऑप्शन ३ म्हणजे बाहेर जायचं दार, राउटर. ही ओळ विसरलात तर डीएनएसमास्क स्वतःलाच दार म्हणून सांगतो. सगळ्यांना पत्ते मिळतात, सगळं हिरवं दिसतं आणि इंटरनेट कोणालाच नाही. यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे. ऑप्शन ६ म्हणजे डीएनएस. पोर्ट शून्य केल्यामुळे तोही आपणच सांगायचा.

ऑथॉरिटेटिव्हची ओळ कशाला? शिक्षकांचे फोन सोमवारी "मला माझा १.३७ द्या" म्हणत येतील. ही ओळ असली की सर्व्हर तोंडावर नाही म्हणतो आणि फोन लगेच नवा पत्ता मागतो. नसली तर सर्व्हर गप्प बसतो आणि फोन ताटकळतो.

शेवटी "डीएनएसमास्क --टेस्ट" चालवून फाइल तपासा. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू केलं असेल तर यूडीपी ६७ उघडा.

क्रम चुकवू नका. आधी सर्व्हर तयार करून ठेवा. मग राउटरचा पत्ता ५०.१ करा आणि त्याचा डीएचसीपी बंद करा. त्या क्षणी तुमचा लॅपटॉप राउटरला हरवून बसेल, म्हणून त्याला थोडा वेळ हाताने ५०.९ द्या. मग डीएनएसमास्क चालू. मग एकच मशीन आपोआपवर टाकून बघा.

---

जुनं खोड | रविवार, सकाळी ७:२०

सगळं बरोबर, एक सोडून. सर्व्हरही नवा आणि आकडेही नवे, एकाच दिवशी? काही अडलं तर कशामुळे अडलं ते कळणार नाही. मी आधी जुन्याच आकड्यांवर सर्व्हर उभा केला असता आणि दिवाळीच्या सुट्टीत आकडे बदलले असते.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:००

काका, प्रत्येक मशीनला आत्ता हात लावायचाच आहे. पुन्हा दिवाळीत तेच घर झाडायला कशाला सांगता त्यांना?

---

फळाखडू | रविवार, दुपारी १२:१५

दोघांचंही पटलं, पण दिवाळीत मी माहेरी आहे. 😀 आजच करते.

मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा कारखान्यातूनच आलेला नंबर) कसे गोळा करू? नव्या १२ आणि जुन्या ३८ मशीनवर एकाच इमेजवरून विंडोज टाकलंय. सगळ्यांचं नाव एकच आहे, "लॅब-पीसी".

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १२:३०

सर्व्हरवर "जर्नलसीटीएल -एफ -यू डीएनएसमास्क" लावून ठेवा, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी पडतील तशा दिसतील. मग मशीन एकेक करून, नंबराच्या क्रमाने चालू करा. प्रत्येक वेळी डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक अशा चार ओळी पडतील, त्यात मॅक दिसेल. तो उचलून फाइलमध्ये:

डीएचसीपी-होस्ट=(मॅक),लॅब१३,१९२.१६८.५०.६३

हे पत्ते मोकळ्या पल्ल्याच्या बाहेरचे असले तरी चालतात. नेटवर्क तेच हवं, इतकंच.

---

फळाखडू | रविवार, रात्री ८:५०

झालं!! नववीची चार मुलं आली होती मदतीला. एक पोरगी स्क्रीनसमोर बसली, बाकीचे रांगेने मशीन चालू करत होते. डिस्कव्हरची ओळ आली की ती ओरडायची, "आला पाहुणा!" (काकांची पंगत सांगितली होती त्यांना.) चाळीसपर्यंत पोचलो तेव्हा तिचा घसा बसला होता. पन्नासही मशीन वर आली. तेरा नंबर ६३ वर शांत आहे.

---

चकलीचा सोऱ्या | रविवार, रात्री ९:००

अभिनंदन! मुलांना वडापाव दिला का?

---

फळाखडू | रविवार, रात्री ९:०४

दिला. चटणी कमी होती म्हणून तक्रार आहे.

---

फळाखडू | बुधवार, दुपारी ३:२०

मंडळी, घात झाला. आज सकाळी लाइट गेली होती. आल्यावर दोन वेगवेगळे प्रकार दिसतायत.

एक: सात-आठ मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला. थोड्या वेळाने ती आपोआप सुधारली, पण तास गेला.

दोन: खिडकीकडच्या रांगेतल्या पाच मशीनला १९२.१६८.० चे पत्ते आलेत. हा आकडा मी कुठेच लिहिलेला नाही! इंटरनेट नाही. आणि हेडसरांना घरून मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीयेत, ते वेगळंच.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४:४५

पहिला प्रकार सोपा. मशीन ओरडलं आणि कोणीच उत्तर दिलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता लावून घेतं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं. लाइट आल्यावर मशीन आधी उठली, तुमचा जुना पीसी डोळे चोळत मागून उठला. दोन उपाय. सर्व्हर आणि मुख्य स्विच यूपीएसवर घ्या. आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावा.

शिवाय माझी एक चूक. मी ८ तासांची लीज सांगितली. ती ३ दिवस करा. लीज जिवंत असेल तर सर्व्हर न भेटताही विंडोज राउटरला हाक मारून बघतं, आणि राउटरने ओ दिली तर जुन्याच पत्त्यावर काम चालू ठेवतं. ८ तासांची लीज रात्रीतच मरते, सकाळी हातात काही उरत नाही. लॅबमधली मशीन कुठे जाणार आहेत? त्यांना लांब मुदत द्यायला हरकत नव्हती.

दुसरा प्रकार: दुसरा वाढपी आहे मांडवात.

---

जुनं खोड | बुधवार, सायंकाळी ५:१५

म्हटलं होतं ना, उपयोगी पडेल.

बाई, त्या पाचपैकी एका मशीनवर "आयपीकॉन्फिग /ऑल" करा. त्यात "डीएचसीपी सर्व्हर" अशी ओळ असते. तिथे जो पत्ता असेल तो चोर. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकलात तर त्याचं लॉगिनचं पान उघडेल, कुठल्या कंपनीचा डबा आहे तेही कळेल.

पण डबा आहे कुठे हे शोधायला एकच पद्धत. त्या मशीनवर चोराला "पिंग -टी" (सतत हाक मारत राहणारी कमांड) लावून एका मुलाला बसवा आणि तुम्ही स्विचवरची एकेक केबल काढून परत लावा. जी काढल्यावर पिंग तुटेल ती धरून चालत जा.

---

फळाखडू | गुरुवार, सायंकाळी ५:४०

सापडला!

चोर १९२.१६८.०.१. केबल लॅबमधून निघून भिंतीतून क्रीडासाहित्याच्या खोलीत गेली. तिथे कपाटामागे, क्रिकेटच्या पॅडखाली, एक जुना वायफाय राउटर. वर बोटभर धूळ, पुढे हिरवे दिवे लुकलुकतायत. चौकशी केली तर कळलं, कधीतरी खिडकीकडच्या रांगेला पोर्ट कमी पडले म्हणून कोणीतरी घरचा राउटर स्विचसारखा लावून दिला होता. त्या पाचही मशीनच्या केबली त्यातच आहेत.

पण मग तो इतकी वर्षं गप्प कसा होता? आणि रविवारी सगळं नीट कसं चाललं?

---

रात्रपाळी | गुरुवार, सायंकाळी ६:३०

तो गप्प नव्हता. त्याला कोणी विचारतच नव्हतं. सगळी मशीन वहीवर चालत होती, डिस्कव्हर म्हणून ओरडणारं कोणी नव्हतंच. फोन तेवढे विचारायचे. त्यातला एखादा याच्या हाती लागत असणार आणि ते सर म्हणत असणार, आज नेट नाही.

रविवारचं म्हणाल तर तो डबा तेव्हा बंद असावा. क्रीडा खोलीचं बटण कोणी सुट्टीत बंद केलं होतं का बघा. पाचही मशीन एकदम आमच्याकडे आली याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

बुधवारी तो जागा होता आणि त्या पाचांच्या अगदी शेजारी होता. त्यात आमचा सर्व्हर अजून उठतच होता. त्याने आधी "या" म्हटलं. बाकीच्या बहुतेकांकडे लाइट जाण्याआधी त्याच सकाळी घेतलेली जिवंत लीज होती, म्हणून ती वाचली.

---

फळाखडू | गुरुवार, सायंकाळी ६:४२

बरोब्बर! शिपाईमामा म्हणाले, शनिवारी दुपारी ते तिकडचं मेन बटण पाडून जातात, सोमवारी पी.टी.च्या तासाला वर करतात.

पण मग रविवारी ती पाच मशीन चाललीच कशी? डबा बंद तर केबलही बंद.

---

रात्रपाळी | गुरुवार, सायंकाळी ६:५०

😳 हे डोक्यातच आलं नाही. डब्याला वीज नसेल तर त्याच्यामागची मशीन नेटवर्कवर येऊच शकत नाहीत. माझी कहाणी बाद.

---

चकलीचा सोऱ्या | गुरुवार, सायंकाळी ७:०५

खिडकीकडच्या रांगेत रविवारी उजेड होता का? म्हणजे बसलं कोण होतं तिथे?

---

फळाखडू | गुरुवार, सायंकाळी ७:३०

सोऱ्या, तुझ्यामुळे आठवलं! खिडकीकडच्या मशीनवर आधी नेट येत नव्हतं, तेव्हा पोरांनी ती पाच मशीन उचलून मधल्या टेबलावर आणून लावली, नोंद केली आणि परत जागेवर ठेवली. मला सांगितलंही होतं. मी तेव्हा वडापाव मोजत होते.

---

जुनं खोड | गुरुवार, सायंकाळी ७:४५

😀😀

आता तो डबा फेकू नका. त्याच्या आत जाऊन डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.५०.३ द्या, आणि येणारी केबल लॅनच्याच भोकात राहू द्या, वॅनमध्ये (इंटरनेटच्या केबलच्या भोकात) नको. मग तो निमूट स्विचचं काम करेल. आणि वीज त्या खोलीच्या मेन बटणावरून काढा. पुढे कधी लॉगिनवाला स्विच घेतलात तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग असतं. आपला सर्व्हर ज्या पोर्टवर आहे तेवढाच विश्वासू म्हणून सांगायचा, बाकी कुठल्या पोर्टवरून ऑफर आली की स्विच ती गिळून टाकतो.

हेडसरांच्या कॅमेऱ्यांचं कारण बहुधा डीव्हीआरमध्ये जुनं दार १.१ लिहिलेलं आहे, ते ५०.१ करा.

---

गल्लीतला इंजिनीअर | गुरुवार, रात्री १०:१०

धाग्यात घुसतोय, माफी. माझं एक मंगल कार्यालय आहे कामाला. पाहुण्यांना वायफाय. सकाळच्या लग्नाला नेट उत्तम, संध्याकाळच्या रिसेप्शनला फोन नुसता "आयपी मिळवत आहे" म्हणून फिरत राहतो. राउटर बंद-चालू केला की ठीक. कंपनीवाला म्हणतो राउटर बदला.

---

सातासमुद्रापार | गुरुवार, रात्री ११:३०

राउटर बदलू नका, लीज बघा. २४ तास असेल. सकाळी अडीचशे पाहुणे पत्ते घेऊन जेवून घरी गेले, पण त्यांचे पाट उद्या सकाळपर्यंत अडलेले. २५५.२५५.२५५.० च्या नेटवर्कमध्ये मुळात २५४ च पत्ते. संध्याकाळच्यांना द्यायला उरलं काय? बंद-चालू केल्यावर राउटर यादी विसरतो, म्हणून चालतं.

लीज एक तास करा. तरी कमी पडलं तर मास्क (नेटवर्क किती मोठं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५४.० करा, ५१० पत्ते मिळतील. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक दाखवत नाहीत, प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक घेतात. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. फळाखडू, शिक्षकांच्या फोनना रिझर्व्हेशन देण्याच्या भानगडीत त्यामुळेच पडू नका.

---

गल्लीतला इंजिनीअर | रविवार, रात्री ११:४५

एक तास केली. आज दोन लग्नं आणि एक मुंज, एकही तक्रार नाही. कंपनीवाल्याला फोन करून सांगितलं, राउटर राहू द्या.

---

फळाखडू | पुढचा शनिवार, दुपारी २:१५

डबा वठणीवर आला, लीज ३ दिवस, यूपीएस हेडसरांनी मंजूर केला (कॅमेरे परत दिसल्यावर लगेच!).

आज मामा आले होते पेन्शनच्या कागदांसाठी. लॅबमध्ये डोकावले. मी कौतुकाने फाइल दाखवली. चष्मा वर करून पन्नास ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हे आकडे कळले. पण बत्तीस नंबरचा मदरबोर्ड मी मार्चमध्ये बदलला, ते यात कुठंय?" खरंच कुठे नव्हतं. वहीत होतं. बोर्ड बदलला की मॅक बदलतो, म्हणजे पुढच्या वेळी असं झालं की त्या मशीनचं रिझर्व्हेशन लागणार नाही आणि मी शोधत बसेन.

आता प्रत्येक ओळीच्या वर एक ओळ लिहितेय: रांग, टेबल, काय कधी बदललं. मामांनी वहीतून वाचून दाखवलं, मी टाइप केलं. शेवटच्या तीन पानांवरचं अक्षरही लागलं. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलंय आणि मजकूर मराठीत आहे. डीएनएसमास्कला चालेल ना?

---

रात्रपाळी | पुढचा शनिवार, दुपारी २:४०

चालेल. टेस्ट तेवढी करून घ्या.